पडवीच्या लाकडाला तेल



कोकणातल्या पडवीचं लाकूड दर पावसात भिजतं.
त्याला मे महिन्यातच तेल द्या.
पण लाकूड आधी कोरडं हवं.

त्यावर पाण्याचे थेंब टाका.
मुरले, तर लाकूड तेल मागतंय.
तसेच राहिले, तर यंदा थांबा.

काजूच्या टरफलांचं तेल जुनं आणि गुणी.
मात्र ते कातडी भाजतं.
हातमोजे घालाच.

वुड स्टेन घेणार असाल,
तर रंगाची छटा असलेला घ्या.
ती छटाच ऊन अडवते.
व्हार्निशचा मात्र पापुद्रा सुटतो.

पुन्हा सांगते, लाकूड कोरडं हवं.

आणि जवसाचं तेल लावलंत, तर त्यात भिजलेल्या चिंध्या
बोळा करून टाकू नका.
त्या आपोआप पेट घेऊ शकतात.
बाहेर, एकेक पसरून वाळवा.