सौरभ नेत्रावळकर : मुंबईचा डावखुरा, अमेरिकेचा गोलंदाज

मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीपासून थेट मुंबईपर्यंत मराठी घरांत २०२४च्या जूनमध्ये एकच नाव घेतलं जात होतं, सौरभ नेत्रावळकर.

मुंबईत वाढलेला हा डावखुरा वेगवान गोलंदाज २०१०चा १९ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला. के. एल. राहुल त्याच संघात होता. पुढे मुंबईकडून रणजी पदार्पणही झालं; पण संघात जागा पक्की होईना. २०१५मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला गेला, नंतर ओरॅकलमध्ये नोकरीला लागला. क्रिकेट मात्र सुटलं नाही, आणि अमेरिकेचं कर्णधारपदही त्याच्याकडे आलं.

६ जून २०२४, डॅलस. टी-२० विश्वचषकातला पाकिस्तानविरुद्धचा सामना १५९ धावांवर बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेच्या १८ धावा, चेंडू सौरभच्या हातात. वाइड गेले, चौकार बसला, तरी त्याने फलंदाज इफ्तिखारला बाद केलं आणि पाकिस्तानला १३वर रोखलं. किती थंड डोकं लागलं असेल!

सहाच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये भारतासमोर त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं. मग रोहित शर्माही झेलबाद झाला. तो झेल घेणारा हरमीत सिंगसुद्धा मुंबईचाच.