आपल्या नावाचं एक पान

२ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईत 'द हिंदू'चा अंक निघालाच नाही. १८७८ साली सुरू झालेल्या या वृत्तपत्रावर अशी वेळ पहिल्यांदाच आली. छापखाना शहराबाहेर मरैमलै नगरला, आणि पावसानं रस्ते असे तुंबले की कामगार तिथवर पोहोचूच शकले नाहीत. संकेतस्थळ मात्र चालू राहिलं, बातम्या वाचकांपर्यंत जात राहिल्या. त्याच दिवसांत अड्यार नदीचं पाणी सैदापेट, जाफरखानपेट, कोट्टूरपुरम या वस्त्यांमध्ये शिरलं. घराघरांतली कपाटं भिजली आणि त्यांतल्या गुणपत्रिका, पदव्या, दाखले यांचा लगदा झाला. सरकारला दुय्यम प्रती देण्यासाठी खास शिबिरं भरवावी लागली.

गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मिळते. एखाद्या मुलीनं चार वर्षं भरत आणलेली रेखाटनांची वही, घरांचे हातानं काढलेले आराखडे, छायाचित्रांचे अल्बम यांची दुय्यम प्रत कुठल्याच शिबिरात मिळत नाही. आजचा विषय आहे नवशिक्यानं स्वतःच्या कामाचं साधं संकेतस्थळ कसं उभारावं, आणि त्याची खरी निकड इथे आहे. नोकरी हे एक कारण झालंच; पण आपण काय केलं याची नोंद पाण्यात न भिजणाऱ्या जागी असावी, हे त्याहून मोठं कारण.

नोकरीच्या बाजूनंही चेन्नईत पाहण्यासारखं बरंच आहे. १८५० साली सुरू झालेल्या इथल्या शासकीय ललित कला महाविद्यालयाच्या परंपरेत कामाची फाइल हीच विद्यार्थ्याची ओळख. दुसऱ्या टोकाला झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी. तिच्या स्वतःच्या शाळांमध्ये बारावी किंवा डिप्लोमा झालेल्या मुलांना घेतात, शिकवतात आणि पदवी न मागता कामावर घेतात. पदवीऐवजी काम बोलायचं असेल, तर ते काम कुठेतरी नीट मांडलेलं हवं.

ते इन्स्टाग्रामवर आहेच की, असं अनेक जण म्हणतात. असू द्यावं, पण तेवढ्यावर विसंबू नये. जिओसिटीजवर एके काळी लाखो लोकांनी आपली पानं हौसेनं सजवली होती. याहू कंपनीनं २००९ साली ती सेवा बंद केली. भारतात घरोघरी पोहोचलेलं ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेलं दुकान मालकाच्या मर्जीनं उठतं. स्वतःच्या फोल्डरमधल्या फाइली मात्र एका होस्टिंगवरून, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याच्या जागेवरून, उचलून दुसऱ्यावर ठेवता येतात आणि डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, आपल्या नावावर असेल तर पत्ताही बदलत नाही.

हे काम वाटतं तितकं अवघड नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगातलं पहिलं संकेतस्थळ लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा पानं लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेत जेमतेम दीड डझन टॅग, म्हणजे खुणा, होत्या: शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा असे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संस्थेनं वेबचं तंत्र सर्वांना मोफत वापरायला दिलं. सुरुवातीच्या त्या टॅगांपैकी बरेचसे आजही चालतात. संगणकावरच्या नोटपॅडमध्ये ते टाइप करायचे, फाइलला 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' हे नाव द्यायचं, तिच्यावर दोनदा क्लिक केलं की पान ब्राउझरमध्ये उघडतं. त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. पुढे हेच फोल्डर गिटहब पेजेससारख्या मोफत सेवेवर चढवलं की पान जगाला दिसू लागतं. तयार टेम्प्लेट वापरण्यात गैर काही नाही, पण पहिलं पान हातानं लिहावं. बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळतं.

बिघडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. घरच्या विंडोज संगणकावर चित्रं दिसतात आणि अपलोड केल्यावर गायब होतात. फाइलच्या नावात मोठ्या लिपीतलं इंग्रजी अक्षर असतं, पानात लहान लिपीतलं लिहिलेलं असतं; विंडोज ते चालवून घेतं, बहुतेक सर्व्हर घेत नाहीत. म्हणून सगळी नावं लहान लिपीत ठेवावीत, मधे जागा सोडू नये. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसली, तर पानाची रुंदी फोनच्या पडद्याशी जुळवणारी व्ह्यूपोर्टची ओळ लिहायची राहिली आहे असं समजावं. ती नसेल तर फोन पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आकसून दाखवतो. फोनमधला फोटो तीन-चार एमबींचा असतो; त्याची रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आणली की तो काही शे केबींत मावतो आणि पान चटकन उघडतं.

चेन्नईतल्या मराठी माणसाला भाषेचा प्रश्न पडतो: इंग्रजी, तमिळ की मराठी? तिन्ही ठेवता येतात. तमिळ मुलखात मराठीनं नवं साधन आपलंसं करणं नवीन नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आणि पुढे देवनागरीचा छापखानाही घातला. आज मुंबईच्या 'एक टाइप'नं घडवलेला 'मुक्त' हा देवनागरी फाँट आणि त्याचाच तमिळ भाऊबंद 'मुक्त मलर' दोन्ही विनामूल्य मिळतात. एकाच पानावर दोन लिप्या एका वळणाच्या दिसतात. डोमेनही देवनागरीत घेता येतं, '.भारत' २०१४ पासून आहे. मजकूर मात्र युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा. सुलेखन करून चित्र म्हणून टाकलेलं नाव डोळ्याला छान दिसतं, पण शोधयंत्राला ते सहसा सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. प्रत्येक चित्राला एका ओळीचं वर्णन जोडलं की ही अडचण बरीच सुटते.

तंत्र इतकंच. खरी मेहनत मजकुराची, आणि बहुतेक पानं तिथेच फसतात. समजा, मैलापूरची एक तरुणी भरतनाट्यमचे पोशाख शिवते. 'मला शिवणकामाची आवड आहे' या वाक्यातून तिच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी तिनं एकच पोशाख घ्यावा. रेशीम कुठलं घेतलं. अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून घेतलेल्या अर्ध्या बैठकीत, बसल्यावर पुढचा निऱ्यांचा पंखा पूर्ण उघडावा म्हणून निऱ्या किती रुंद ठेवल्या. काठ खालीच यावा म्हणून कापड कसं बेतलं. पहिल्या तालमीत कंबरपट्ट्याखाली ताण आला तेव्हा काय उसवलं आणि पुन्हा कसं शिवलं. सोबत तीन फोटो: बेतलेलं कापड, उलट्या बाजूची शिवण, नाचताना दिसणारा पोशाख. उलट्या बाजूची शिवण पाहून जाणकार गिऱ्हाईक लगेच ओळखतं, ही बाई कसबी आहे. अशी तीन कामं नीट लिहिली की पुरे. तीस कामांची गर्दी कुणी वाचत नाही. प्रोग्रॅमर असो, सुतार असो की अनुवादक, कामात आलेली अडचण आणि तिच्यावर काढलेला उपाय हाच वाचण्याजोगा भाग. गटानं केलेलं काम असेल तर आपला वाटा किती ते स्पष्ट लिहावं, आणि गिऱ्हाइकाचा फोटो त्याला विचारूनच लावावा.

घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर पानावर देऊ नयेत. संपर्कासाठी वेगळा ईमेल पुरतो. फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, ते अपलोड करण्याआधी काढून टाकावेत. डोमेनचं शुल्क ठरल्या मुदतीत भरावं लागतं. चुकलं, तर मुदतीनंतर तो पत्ता दुसरा कुणीही घेऊ शकतो. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरात लिहून ठेवावी आणि त्याच दिवशी पानावरचे सगळे दुवे एकदा उघडून पाहावेत, जुनं झालेलं एक काम काढून नवं घालावं, आणि संपूर्ण फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवावी.