डॉक्टरांचा जोडीदार

परीक्षांचे निकाल लागले की पालक विचारतात, “सर, मुलाची डॉक्टरी हुकली. अमेरिकेत जाऊन ‘फिजिशियन असिस्टंट’ होणे सोपे ना?” मार्ग निराळा आहे, सोपा मात्र नव्हे.

या व्यवसायाचे शिक्षण १९६५ साली उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात सुरू झाले. डॉक्टर अपुरे पडत होते. तेव्हा डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवा केलेल्या चौघांना निवडले. १९६७ साली त्यांतील तिघे उत्तीर्ण झाले.

अनुभवाची ती कदर प्रवेशाच्या नियमांत आजही दिसते. आधी पदवी हवी. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, सूक्ष्मजंतुशास्त्र हे विषय झालेले हवेत. भारतातील पदवी असल्यास तिचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. काही विद्यालये ती स्वीकारीतही नाहीत. शिवाय बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास विचारतात. शेकडो, कोठे हजारावर. रुग्णवाहिकेवर काम केलेला उमेदवार तेथे मोलाचा. गुण देण्यातच हयात गेलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला हे थोडे टोचते, आणि पटतेही.

पुढे सुमारे सव्वादोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, राष्ट्रीय परीक्षा, आणि राज्याचा परवाना. मग रोगी तपासता येतो, औषधही लिहून देता येते. पण ही डॉक्टरीची मधली पायरी नव्हे. डॉक्टर व्हायचे तर वैद्यकीय विद्यालयात प्रवेशापासूनच आरंभ करावा लागतो.

म्हणून त्या पालकांना मी उलट विचारतो : मुलाने आजवर कोणा आजाऱ्याची उशी तरी सरळ केली आहे काय?