एक शतांश सेकंद

आमच्या जासईची पोरं खाडीत पोहायला शिकतात. तिथं कुणी घड्याळ लावत नाही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं आयुष्य मात्र घड्याळाशीच बांधलेलं. २००८ साली, सोळाव्या वर्षी, तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल पोहला. २०१० च्या आशियाई स्पर्धेत बटरफ्लायचं कांस्यपदक आणलं. पुढं तहसीलदारकी आली, सराव सुटला. तरीही २०१८ साली तो जकार्तात उतरला. पन्नास मीटर फ्रीस्टाइल. प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंद, राष्ट्रीय विक्रम! अंतिम फेरीत २२.४७. कांस्यपदक गेलं २२.४६ला. आधीचीच वेळ पुन्हा दिली असती, तर पदक त्याचंच होतं. खचला नाही, २०२३ मध्ये गोव्यात राष्ट्रीय सुवर्ण जिंकूनच निवृत्त झाला. पोरांनो, हात भिंतीला लागेपर्यंत शर्यत संपत नाही.