करवंटीचा कोळसा आणि विहिरीचं पाणी
(मालवण येथील बैठकीतील भाषण)



तुमच्याकडे जशी पऱ्हाटी, तशी इथे करवंटी. खोबरं काढलं की चुलीत. परदेशात कॉफीच्या चोथ्याचासुद्धा कोळसा करून पाणी शुद्ध करून पाहतात. मालवणात कॉफी नाही. पण या कामात करवंटीचा कोळसा जगभर नावाजलेला आहे.

साधा कोळसा मात्र चालत नाही. हवा कोंडून जाळली तर 100 किलो करवंटीचा जेमतेम 30 किलो कोळसा होतो. तो 900 अंशांच्या आसपास वाफेत तापवला की त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. अशा 1 ग्रॅम कोळशातल्या छिद्रांच्या भिंती पसरल्या तर सुमारे 1000 चौरस मीटर भरतात. म्हणजे 10 गुंठे! फवारणीच्या औषधांचा अंश, रंग, वास त्या भिंतींना चिकटून बसतो. जागा भरली की कोळसा बदलावाच लागतो. विकणारा हे सहसा सांगत नाही.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं मीठ यानं जात नाही. यवतमाळकडच्या बोअरमधलं फ्लोराईडही साध्या कोळशाला दाद देत नाही. त्यासाठी कोणी हे यंत्र गळ्यात मारत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पऱ्हाटीचाही असा कोळसा होतो, पण करवंटीइतका टणक नाही. भट्टी, वाफ, तपासणी हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. तरी जाण्याआधी इथली करवंटी काय भावानं जाते ते विचारून घ्या, आणि गावी गेल्यावर दुकानात भरलेल्या डब्याची किंमत बघा.