तोल आणि चपळाई

'खेलो इंडिया'च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत पहिली ते तिसरीच्या मुलांना पळवत नाहीत. उंची-वजन झालं की मूल अरुंद पट्टीवर एका पायावर उभं राहतं, आपल्या गोंदियाच्या तळ्याकाठी सारस उभा असतो तसं. मिनिटभरात तोल कितीदा गेला, ते गुरुजी मोजतात. मग दोन चकत्यांवर आळीपाळीने हात मारायचा. 25 फेऱ्या, घड्याळ लावून. धानाच्या बांधीतून, धुऱ्यावरून रोज शाळेत येणारं पोर तोलात मागे पडणार नाही, असं आपलं मला वाटतं! चौथीपासून 50 मीटर धाव, लवचीकता, पोटाची ताकद आणि 600 मीटर धाव-चाल. गुरुजी, ती 600 मीटर तेवढी सकाळच्या गारव्यातच उरका.