जबाबदारीचा विमा : शेजाऱ्याचा हक्क आणि आपला सातबारा

विमा म्हटलं की आपल्याला पीकविमा, आयुर्विमा आणि दवाखान्याचा विमा आठवतो. या तिन्हींत विचार एकच असतो : माझं नुकसान झालं तर मला काय मिळेल? आज मला उलट बाजूने बोलायचं आहे. माझ्या वाहनामुळे, माझ्या शेतातल्या कामामुळे दुसऱ्या कुणाचा जीव गेला, हातपाय गेला, शेजाऱ्याची कडब्याची गंजी जळाली, तर ते कोण भरून देणार? या जबाबदारीचाही विमा असतो आणि माझं म्हणणं असं आहे की शेतकरी कुटुंबाने विम्याचा विचार तिथूनच सुरू करावा. याची कारणं दोन आहेत. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मिळणं हा त्याचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. आणि ती देण्याची सोय आपण आधी केली नसेल, तर शेवटी तो बोजा आपल्या जमिनीवर येतो.

आपल्याच भागातली गोष्ट घ्या. 4 एप्रिल 2025 रोजी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर स्त्रियांना कामावर नेणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला आणि सात जणी गेल्या. त्या प्रकरणात चूक कुणाची, हे ठरवण्याची ही जागा नाही. पण त्या दिवसांत काय झालं ते आठवा. राज्य सरकारकडून प्रत्येकी पाच लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन लाख जाहीर झाले. ते योग्यच झालं. मात्र एकाच वेळी सात जीव जातात तेव्हा सरकार धावतं. ट्रॉलीवरून एकटी बाई पडते, तिच्या कमरेचं हाड मोडतं, तेव्हा बातमीही येत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मृत्यूला दोन लाख मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये भरले की तेवढंच संरक्षण मिळतं. दोन्ही योजना घ्याव्यातच. पण नुकसान करणाऱ्याने नुकसान भरून द्यायचं, हा हिशेब त्यांनी मिटत नाही.

हा हिशेब केवढा असतो, ते एकदा मांडून पाहू. समजा, आपल्या मोटारसायकलीच्या धडकेत तीस वर्षांचा माणूस गेला. तो महिन्याला बारा हजार कमवत होता. घरात बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. भरपाई काढण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिली आहे. माणूस पुढे जास्त कमावला असता, म्हणून चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात चाळीस टक्के वाढ धरतात. म्हणजे 16,800 झाले. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 12,600 उरतात. वर्षाचे 1,51,200. हे किती वर्षांनी गुणायचं ते वयावर ठरतं; तिसाव्या वर्षाला हा गुणक 17. एकूण 25,70,400 रुपये. त्यावर अंत्यविधी, वारसांचं दुःख अशा बाबींची रक्कम आणि व्याज वेगळं. यात न्यायालयाने कुठेही हात सैल सोडलेला नाही. साध्या मजुराच्या कमाईचा हा साधा गुणाकार आहे.

ही रक्कम देता आली नाही तर काय होतं? मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 174 सांगतं की अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने दाखला दिला की जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतील. त्याचा अर्थ शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको. तहसीलची नोटीस, जप्ती आणि वेळ आली तर लिलाव. तीन पिढ्यांनी सांभाळलेली चार एकर एका संध्याकाळच्या अपघातापायी पणाला लागते. आणि जमीन विकूनही पैसे पुरे पडले नाहीत, तर पलीकडच्या घरातली विधवा रिकाम्या हातीच राहते. दोन घरं बुडतात आणि न्याय एकालाही मिळत नाही.

अमेरिकेत यावर ‘अंब्रेला’ नावाची पॉलिसी निघाली. तिथे गाडीच्या आणि घराच्या विम्यात दुसऱ्याला द्यायच्या भरपाईला ठरावीक मर्यादा असते. दावा त्याहून मोठा झाला की वरची रक्कम ही पॉलिसी देते. जर्मनीत बहुसंख्य कुटुंबं घरगुती जबाबदारीचा विमा काढतात, कारण तिथल्या कायद्यात चुकीने केलेल्या नुकसानीची भरपाई माणसाला अमर्याद द्यावी लागते. आपल्याकडे सामान्य घरासाठी अशी सगळ्यावर पसरणारी एक पॉलिसी सहज मिळत नाही. पण रस्त्यापुरतं पाहिलं तर आपला कायदा या देशांच्याही पुढे आहे. वाहनाचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या वाहनामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, 1 जुलै 1946 पासून सक्तीचा आहे, आणि मृत्यू किंवा दुखापतीसाठी त्यात रकमेची कमाल मर्यादाच नाही. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, दुचाकी सोडून बाकी वाहनांसाठी साडेसात लाखांची. याचा हप्ता किती? 2022 च्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला वर्षाला 714 रुपये, वर कर. एवढ्या पैशात वर मांडलेले पंचवीस लाख विमा कंपनीच्या खांद्यावर जातात.

तरीही संसदेच्या स्थायी समितीने 2024 मध्ये नोंदवलं की देशात निम्म्याच्या आसपास वाहनं विम्याविना धावतात. त्यात दुचाकी सर्वांत जास्त. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला शोरूममध्येच पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा काढावा लागतो. सहाव्या वर्षी मात्र आठवण करून द्यायला कुणी येत नाही, आणि गाडी तशीच फिरत राहते. दुसरी फट जुन्या गाडीच्या व्यवहारात आहे. शंभराच्या स्टॅम्पवर गाडी विकतात, आरसी बुकावर नाव जुन्याचंच राहतं. 2018 च्या नवीनकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, जबाबदारी त्याची. विकलेल्या गाडीने केलेला अपघात अशा रीतीने आपल्या दारात येतो. तिसरी फट ट्रॅक्टरची. ट्रॅक्टरचा विमा असतो, पण ट्रॉली हे वेगळं वाहन आहे, तिचा विमा वेगळा लागतो. ट्रॅक्टरवर बसायची जागा एकट्या चालकाची. मडगार्डवर आणि ट्रॉलीत बसवलेल्या माणसांना साधी पॉलिसी धरत नाही. शेतीच्या कामासाठी विमा घेऊन त्याच ट्रॉलीत भाड्याने विटा किंवा वाळू वाहिली की कंपनीला हरकतीला जागा मिळते. आणि चालकाकडे लायसन नसेल, तर न्यायालय बहुधा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. अठराच्या आतल्या पोराच्या हाती गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. त्यातून कुठलाही विमा सोडवत नाही.

रस्त्याच्या बाहेर तर छप्पर आणखी विरळ आहे. धुरा पेटवला आणि वाऱ्याने आग शेजाऱ्याच्या गंजीला लागली. हळद शिजवताना कुकरच्या वाफेने मजूर भाजला. मळणी यंत्रात हात गेला. यंत्रावर काम करणाऱ्या मजुराला भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर टाकण्याचं तत्त्व आपल्या कायद्यात 1923 पासून आहे, आणि ट्रॅक्टरने होणारी शेतीही त्यात धरली आहे. एप्रिल 2021 पासून आलेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आग, पूर, भूकंपात आपलं घर आणि सामान सांभाळते. शेजाऱ्याला द्यायच्या भरपाईचं तिच्या मूळ संरक्षणात काही नाही. ती सोय हवी तर घराच्या पॅकेज पॉलिसीत सार्वजनिक जबाबदारीचा भाग जोडून मागावा लागतो, आणि मजुरांसाठी कामगार भरपाईचा विमा वेगळा घ्यावा लागतो. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडली आणि माणूस गेला, तर मात्र कुठलीही पॉलिसी उभी राहणार नाही. जाणूनबुजून केलेल्या बेकायदा कृत्याला विमा नसतो, आणि नसावाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की विमा असला की माणूस बेफिकीर होतो. पण विमा फक्त पैशाची भरपाई उचलतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा, खटला, शिक्षा हे सारं चालवणाऱ्याच्याच वाट्याला येतं. बेफिकिरीला आळा घालायचं काम फौजदारी कायद्याचं. त्यासाठी पीडिताच्या लेकरांना उपाशी ठेवण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप गावाचा आहे : आम्ही चार माणसं बसून मिटवतो, कोर्टकचेरी कशाला? समेटाची परंपरा मोलाची आहे. पण मिटवायला बसलेल्या बैठकीत रक्कम ठरते ती देणाऱ्याच्या ऐपतीवर आणि घेणाऱ्याच्या दबलेपणावर. मेलेल्याच्या कमाईवर नाही. पंचवीस लाखांचा हक्क लाख-दीड लाखात सुटतो, आणि सोडणारं घर बहुतेक वेळा भूमिहीन मजुराचं असतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलेलं असलं, तरी त्या भरवशावर बैठकांत वेळ घालवू नये. विमा असेल तर दोन घरांतलं वैर टळतं, कारण पैसे शेजाऱ्याच्या खिशातून जात नाहीत. समेट खऱ्या अर्थाने तेव्हाच होतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे : कंपन्या पैसे देतच नाहीत. पीकविम्याच्या अनुभवानंतर हा राग समजण्यासारखा आहे, आणि कंपन्यांची टाळाटाळ खोटी नाही. पण दोन्ही विम्यांत मोठा फरक आहे. पीकविम्यात नुकसानीचा आकडा कापणी प्रयोगावर ठरतो. थर्ड पार्टी दाव्यात तो न्यायाधीश ठरवतो आणि कंपनीवर हुकूम बजावला जातो. कंपनीला पळवाट मिळते ती बहुतेक वेळा आपणच उघडी ठेवलेली असते : संपलेली पॉलिसी, नसलेलं लायसन, ट्रॉलीतली माणसं. आपल्या स्वतःच्या पॉलिसीबद्दल तक्रार असेल, तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे, आणि तिथे फी लागत नाही.

राहिला पैशाचा आक्षेप. कोरडवाहू शेतकऱ्याला प्रत्येक हप्ता जड जातो हे खरं. म्हणूनच क्रम लावावा लागतो. आधी दुचाकीचा थर्ड पार्टी विमा, मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचा, मग पगारी चालक व मजुरांसाठीची भरपाई आणि ऐपत असेल तेव्हा घराच्या पॅकेजमधला जबाबदारीचा भाग. जो हप्ता परवडत नाही म्हणून आपण टाळतो, त्याच्या हजारो पट रक्कम आपल्याला परवडेल असं आपण न बोलता गृहीत धरत असतो.

म्हणून या सभेला माझी विनंती आहे. घरी गेल्यावर प्रत्येक गाडीची पॉलिसी काढून तिची शेवटची तारीख बघा. आरसीवरचं नाव बघा. मजूर ने-आण करायची असेल तर ट्रॉली नको, प्रवासी परवान्याचं वाहन लावा आणि त्याचा खर्च मजुरीच्या हिशेबातच धरा. ग्रामसभेने आणि बचत गटांनी वर्षातून एकदा, पेरणीआधी, गावातल्या सगळ्या वाहनांच्या विम्याची तपासणी करावी. हे करायला नवा कायदा लागत नाही, सरकारी योजना लागत नाही. ज्याच्याशी आपलं भांडण नाही अशा माणसाचं नुकसान आपल्या हातून होऊ शकतं, आणि ते भरून द्यायची तयारी आधीच करून ठेवणं हे आपलं कर्तव्य आहे, एवढं मान्य केलं की बाकीचं काम सातशे-आठशे रुपयांत सुरू होतं.